मंगळीची जागा

पनवेल,
ता. १८ जानेवारी १९५९

तीर्थस्वरूप काशीरामदादास,
बळीरामचा नमस्कार. मी बरा आहे. आईच्या गुडघ्यासाठी वैद्यांकडून तेल घेतलंय, रामूच्या हाती पाठवतो. रात्री कोमट करून चोळायला सांग.

घर सोडून पनवेलीत खोली का घेतली, असं तू चौघांपुढे विचारतोस म्हणे. आता ऐक.

त्या दिवशी चौथीला पेंग्विन शिकवत होतो. दक्षिण ध्रुवाकडचा पक्षी, उडता येत नाही. कातडीखाली चरबीचा जाड थर आणि वर कौलांसारखी एकावर एक बसलेली पिसं, म्हणून वारा आत शिरत नाही. अंडं बर्फावर ठेवलं तर गोठेल, म्हणून बाप ते पावलांवर घेऊन पोटाखाली झाकतो आणि दोन महिने उपाशी उभा राहतो. वादळ आलं की सगळे एकमेकांना चिकटून उभे राहतात. कडेचे गारठले की हळूहळू आत सरकतात, आतले बाहेर येतात.

मंगळी नेहमीसारखी ओट्यावर बसली होती. कातकऱ्यांची म्हणून बाहेर. तिनं दारातून विचारलं, “गुरुजी, भायेरच्यांना कोन आडवत नाय?”

मी “नाही” म्हणालो आणि पुढचं शिकवू लागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फार गारठा होता. पोरं अंगणात पेंग्विन होऊन उभी राहिली. तुझ्या मालूनं मंगळीला हाताला धरून मधोमध घेतलं. चाळीस पोरं खिदळत होती. बारा वर्षांच्या नोकरीत शाळेत इतका आनंद मी पाहिला नव्हता. तेवढ्यात तू मिठागराकडे जाताना फाटकाशी थांबलास.

मालूला दंडाला धरून ओढलंस. विटाळ झाला म्हणून घरी नेऊन थंड पाण्यानं अंघोळ घातलीस. सात वर्षांचं लेकरू ते, दोन दिवस तापानं फणफणलं. गावाला सांगितलंस, गारठा बाधला. तू बाप आहेस तिचा. मला अजून संताप आवरत नाही.

पण राग तुझ्यावरच काढून मी सुटत नाही. गावचा सरपंच तू; निघताना मला एवढंच म्हणालास, “तिला भायेर काढ, नायतर उद्यापासून शाला बंद.” मंगळीला बाहेर जायला तू स्वतः सांगितलं नाहीस. मी सांगितलं. हात धरून नव्हे, नुसतं बोट दाखवून. तिनं ओट्यावरची पाटी उचलली आणि गेली. रडली नाही. ती रडली असती, तर मी कदाचित तिथंच थांबवलं असतं, अशी मी माझी समजूत घालत होतो. खोटं आहे ते. मी तुला घाबरलो होतो.

काल सायकलनं कर्नाळ्याच्या पायथ्याशी गेलो. तिचे आईबाप कोळशाच्या भट्टीवर आहेत. मंगळी काटक्या रचत होती, मला पाहून आईमागं गेली. तिची आई गोदा मला म्हणाली, “आमी कंदी म्हनलो, आत बसवा? तुमी शिकवलात ते खरा धरून गेली पोर.”

मी तिच्यापुढं हात जोडले. आत बसवीन, म्हणालो. गोदानं भट्टीच्या तोंडाशी माती लिंपली. मग म्हणाली, सोमवारी येऊन बघते, पोर एकटी येणार नाय.

म्हणजे उद्या. मंगळी पहिल्या रांगेत बसेल. तुला शाळा बंद करायची असेल तर अकरा वाजता ये, पोरांसमोर मला बाहेर काढ. वरच्या साहेबांना मी सगळं लिहून कळवलंय, माझ्या चुकीसकट. नोकरी गेली तरी चालेल.

मालूला उद्या शाळेत पाठव. ती माझ्याशी बोलत नाही, काकानं मंगळीला घालवलं म्हणून. तिचं बरोबर आहे.

आईला शिरसाष्टांग नमस्कार. तुझा धाकटा भाऊ म्हणून सही करायला आज हात धजत नाही.

बळीराम,
शिक्षक, कोन गावची शाळा