शर्यतीच्या नळ्या आणि शाळेचा चढ

ती. मामा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींना सांगा, मी जाड झालेलो नाही, फोटोच जवळून काढला होता.

फोनवर सांगायची हिंमत नाही, म्हणून हे पत्र. तुम्ही तुमच्या गॅरेजमधून गाडीसाठी पाठवलेले हेडर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या त्या वळणदार नळ्या, पोचल्या आणि मी एकट्याने बसवल्याही. (एक बोल्ट उरला. कुठला ते विचारू नका.) पाठवण्याआधी तुम्ही फोनवर साधं विचारलं होतंत, गाडी कशासाठी वापरतोस? नेमके तेव्हा शेजारचे निवृत्त पायलट समोर बसलेले! त्यांच्यादेखत "बायकोला शाळेत सोडायला" असं कोणत्या तोंडाने सांगू? मी छाती फुगवून म्हणालो, "शर्यतीसाठी." तुम्ही पडलात भले, शर्यतीच्या गाडीला लागतात तशा आखूड आणि जाड नळ्या धाडून मोकळे झालात.

आता गाडी भरधाव सोडली तर झकास पळते म्हणे. (म्हणे, कारण आमच्या गल्लीत दहा पावलांवर गतिरोधक.) हळू चालवली की मात्र ओढच नाही. शाळेचा चढ लागला की नुसती बोंब, पुढे सरकायचं नाव नाही. सोमवारी अर्ध्या चढावर बंद पडून मागे घरंगळायला लागली. ही खाली उतरली आणि एक शब्द न बोलता चालू लागली. ही गणित शिकवते, रागावली तरी मुद्दे क्रमाने मांडते. गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली. बोलली असती तर परवडलं असतं हो, मामा! वर पायलटसाहेब रोज खिडकीतून विचारतात, शर्यत कधी? बाकी इकडे सर्व ठीक.

तुमचा भाचा

ता. क. : गुरुवारी सकाळी नऊला हिची मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी मुलाखत आहे आणि मी "थेट दारात सोडतो" असं कबूल करून बसलोय. मूळच्या नळ्या कापून मी कुंड्यांचा स्टँड केला. तेव्हा लांब, बारीक, चढावर ओढणाऱ्या नळ्या बुधवारपर्यंत पाठवाच, नाहीतर माझं काही खरं नाही. पत्र आत्ताच्या आत्ता टाकतो.

ता. क. २ : मामा, मी यांची बायको. हे पत्र आज शनिवारी धुवायच्या पँटच्या खिशात सापडलं. गुरुवारी मी चालत गेले, वीस मिनिटं आधी पोचले आणि जागा मला मिळाली. यांना अजून सांगितलेलं नाही, गाडीखालून बाहेर आले की सांगेन. नळ्या सावकाश पाठवा.