तुझा फोन मी मुद्दाम ठेवला

प्रिय ताई,

धाकटीचा नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत, शिवणाच्या दुकानात कामही भरपूर आहे. फोनवर तोंडातून निघालं नसतं म्हणून हे लिहितेय.

त्या दिवशी तू म्हणालीस, "अगं, मला पुन्हा दिवस गेलेत!" आणि मी "रेंज नाही गं" म्हणून फोन ठेवला. ताई, रेंज चांगली होती.

माझी पाळी चार महिने चुकली होती. मला वाटलं, आपलंही नशीब उघडलं. ह्यांनी तर पाळण्यासाठी कोपरा मोजून ठेवला होता. तुझा फोन आला त्याच दुपारी सोनोग्राफी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ नाही, पीसीओएस आहे, हार्मोन्सचा घोळ. मूल होणारच नाही असं मुळीच नाही. पण औषधं घ्या, चाला, धीर धरा." घरी येऊन चप्पल काढतेय, तोच तुझा फोन.

तुझा हेवा वाटला. अजून वाटतो. काल एक गरोदर बाई झगा पोटाशी सैल करायला घेऊन आली. मी मशीन बिघडलंय सांगून तिला परत पाठवलं. दुकानाचे मास्तर बघतच राहिले.

गोळ्या वेळेवर घेते. दोघं रोज तासभर चालतो, पण वजन मेलं ह्यांचंच उतरतंय!

तुला उलट्या होतात का? भाची काय म्हणतेय? माझं हे आईला एवढ्यात सांगू नकोस, जेवण सोडून बसेल.

पोट दिसायला लागलं की फोटो पाठव. मी बहुतेक रडेन. तरी पाठव.

तुझंच भांडखोर शेंडेफळ