चांदमारीचं टेकाड

औरंगाबाद,
१२ नोव्हेंबर १९८७

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

चांदमारीचं टेकाड सोमवारपासून पाडणार, हे आता पक्कं झालं. तलाठी तात्यासाहेब काल स्वतः वस्तीत येऊन सांगून गेले. फौजेच्या ट्रेनिंग सेंटरची सगळी जागा कारखान्याला गेली. बराकी मागेच पाडल्या. राहिलंय ते गोळ्या झेलून झेलून शिशानं भरलेलं टेकाड.

बाकी इकडं ठीक. वहिनीचा दमा कसा आहे? कन्नडला थंडी लवकर पडते, तिला जपा.

आबांचं काय लिहू? पलटण गेली, चांदमारीवरची त्यांची झेंडेवाल्याची नोकरी संपली, त्याला इतकी वर्षं झाली, तरी सकाळी उठून टेकाडावर लाल झेंडा लावतात. पूर्वी झेंडा दिसला की गोळीबार आहे समजून माणूस काय, मेंढरूही तिकडं फिरकत नसे. आता पोरं हसतात. परवा मल्हारराव धनगर म्हणाला, "धोंडिबा, फौज गेली. आता माझ्या मेंढरांना भेव दाखवतो व्हय?"

आबा म्हणाले, "तुझी मेंढरं तुझ्यापरीस शहाणी हायेत. ती अजून थांबतात."

दोघं लई हसले.

अठ्ठ्याहत्तरला नामांतरावरून आपली घरं पेटली, तेव्हा आबांनी अख्खी वस्ती टेकाडामागं नेली आणि झेंडा चढवला. काठ्या घेऊन आलेले लोक ओढ्यापाशीच थांबले. खरं तर पलटण त्या आठवड्यात बाहेर गेलेली होती. छावणीत दूध घालणाऱ्या मल्हाररावाला ते ठाऊक होतं. तो बोलला नाही.

आम्ही वाचलो. ताप काही झेंडा बघून थांबत नाही. रस्ते बंद, तू कन्नडला अडकलेला. तुझी सरू तिथंच, वहिनीच्या मांडीवर गेली. टेकाडाच्या मागच्या अंगाला आबांनीच खड्डा घेतला. तू त्यानंतर इकडं आला नाहीस. मी कधी विचारलंही नाही.

तात्यासाहेबांना तेवढं सांगून बघितलं. म्हणाले, "सरकारी कागदात तिथं काही नाही, बाई."

तिला काढून दुसरीकडं न्यावं, असं आबांजवळ बोलले. ते म्हणाले, "लेकराला आता परत कुठं पळवू?"

आणखी एक लिहायचं राहिलं. माझ्या सूर्यभानला काम मिळालं. फार दिवस घरी बसून होता, म्हणून बरं वाटलं. काम ठेकेदाराकडं आहे, टेकाडाची माती ट्रकात भरायचं. त्याला सगळं ठाऊक आहे. म्हणाला, "मागची बाजू मी फावड्यानं काढतो, आई. तिथं मशीन लागू देत नाही." मी बरं म्हणाले, दादा. आबांना हे कुणी सांगितलेलं नाही.

सोमवारी आबा नेहमीसारखे वर जातील. मशीनवाला बाहेरगावचा आहे, त्याला लाल झेंड्याचं काही ठाऊक नाही. ठेकेदार सूर्यभानला म्हणाला, "म्हातारा तुझा आज्जा ना? मग तूच उतरव त्याला."

तो उतरवील.

सरूची आत्या,
मालन