माळ पंचफुलामावशीलाच द्या

बाबा,

मी ड्युटीवर निघाले. पंचफुलामावशी आज आईची मोत्यांची माळ न्यायला येईल. तुम्ही ती काल देवांच्या भांड्यांबरोबर चिंचेच्या पाण्यात टाकली होती; मी काढून धुतली. चिंचेने पितळ उजळतं, मोती मात्र खराब होतात. कडेचे दोन निस्तेज झालेत, बाकीचे वाचले.

होय, मोतीच आहेत. आईकडून भाजी घेणाऱ्या बोरगावच्या बाईंनी घर सोडून जाताना आईला ही जुनी माळ विकली, तेव्हापासून तुम्ही तिला चिडवत आलात, "काचेचे मणी देऊन तुले फसवलं तिनं!" मी एक दातावर घासून पाहिला. बारीक रेतीसारखा खरखरीत लागला; काच गुळगुळीत लागते. काल संध्याकाळी सराफाला दाखवली, तर तो विकतच मागायला लागला.

माळ मावशीला द्यायची, असं आईने जाण्याआधी दवाखान्यात सांगितलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "देऊन टाक, खोटीच तर आहे." आता खरी निघाली म्हणून शब्द फिरवू नका. बाजारात दोघी इतकी वर्षं शेजारी भाजी घेऊन बसल्या.

मावशीला एवढं सांगा: तेल-पावडर लावून झाल्यावरच माळ घालायची, काढल्यावर कोरड्या मऊ फडक्याने पुसायची, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायची नाही. किंमत मात्र सांगू नका. कळली तर ती माळ पेटीत ठेवून देईल, आणि आईला ती तिच्या गळ्यात हवी होती.

पिंकी