सात वाव, वाळू आणि शिंपले

४ मार्च १८६७

'सिग्रून' मोडीत निघाली! आज नक्की कळलं. चाळीस वर्षांची फ्रिगेट — तीन डोलकाठ्या, चव्वेचाळीस तोफा — आणि आता जळाऊ लाकूड. वाफेच्या बोटी आल्यावर शिडांना कोण विचारतो?

गोदीतून लेफ्टनंट रोसिंगसाहेबांचं बोलावणं आलं होतं. जहाज तोडायच्या आधी तिनं कुठे कुठे काय नोकरी केली ते सगळं लिहून आरमाराच्या दप्तरात ठेवायचंय. नोंदवह्या आहेत, पण जुनं अक्षर साहेबांना लागत नाही. "बोर्क, बावीस वर्षं तिच्यावर होतात. तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

बायको, आबेलोने, हरखली. "दप्तरात नाव जाणार तुमचं! आता तरी दाढी रोज करत जा."

मला एकोणचाळीस साल आठवलं. 

७ मार्च

सत्तावीसला पाण्यात उतरवली. एकोणतीसला भूमध्य समुद्र. तेहतीसला सेंट क्रॉय बेटाकडे — पिवळ्या तापानं अकरा माणसं गेली, वहीत नुसता आकडा. साहेबांनी नावं विचारली. मी तेव्हा नव्हतो, पण जुन्या खलाशांकडून इतक्यांदा ऐकली होती की अकराच्या अकरा सांगितली. साहेब बघतच राहिले. "काय स्मरणशक्ती आहे हो तुमची!"

आहे खरी. तीच तर पीडा आहे.

११ मार्च

अडतीस संपलं.

१२ मार्च

आज ते पान आलं. नोव्हेंबर एकोणचाळीस, आनहोल्ट बेटाच्या अलीकडे, सकाळी अकरा. "खोली सात वाव. तळ: वाळू आणि शिंपले." त्याच्या खालची ओळ: "जहाज खडकाळ रांगेवर चढले."

चार दिवस अडकून होतो. हलकं व्हावं म्हणून सहा तोफा समुद्रात ढकलल्या. नंतर चौकशी. वाटाड्या डिर्क ब्लोम, ड्रॅगोरचा. ते गावच वाटाड्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या जहाजांना वाट दाखवणारं. पाणी सात वाव असताना त्यानं चुकीच्या बाजूला वळवलं असं ठरलं. त्याचा पितळी बिल्ला काढून घेतला.

साहेबांनी वाचून दाखवलं, ते काय लिहिणार आहेत ते: "वाटाड्याच्या गफलतीने. मात्र शिसे टाकणारा खलाशी क्रेस्टेन बोर्क गारपिटीतही अखेरपर्यंत खोली सांगत राहिला."

"चांगलं लिहिलंय ना?" म्हणाले.

मान हलवली मी. हलवली!

१३ मार्च

इथे तरी लिहितो. सत्तावीस वर्षांत कुठेच लिहिलं नाही.

जहाजाच्या बाहेरच्या फळीवर उभं राहून शिशाचा गोळा पुढे फेकायचा. दोरी सरळ झाली की तिला बांधलेली कुठली खूण हाताला लागते ते बघायचं — कातडं, पांढरी चिंधी, सात वावांवर, म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या सात मापांवर, लाल लोकर. बोटं बधिर झाली तर ओठांनी चाचपायचं. गोळ्याच्या बुडाशी चरबी भरलेली असते, तिला तळ चिकटून येतो. मग ओरडून सांगायचं.

मी आठ सांगितलं. साडेसात सांगितलं. सात सांगितलं. ते सगळं खरं. मग गारा सुरू झाल्या. हात कोपरापर्यंत मेले होते. चौथ्यांदा गोळा फेकलाच नाही. हातात धरून उभा राहिलो आणि बोंबललो — "सात!" वरून कुणीतरी विचारलं, तळ? "वाळू आणि शिंपले!" आदल्या खेपेचेच सांगितले. एवढीच तर गोष्ट. एक फेक. तोवर पाणी पाचावर आलं असणार, आणि पाच म्हटलं असतं तर ब्लोमनं जहाज वेळीच खोल पाण्याकडे वळवलं असतं.

चौकशीत बायबलवर हात ठेवून पुन्हा सातच सांगितले. ब्लोमनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मी.

१९ मार्च

सेहेचाळीसपर्यंत आलो. साहेब आता मला कॉफी देतात. 

२९ मार्च

आबेलोनेला सांगितलं. जेवताना. हेरिंगचे काटे काढता काढता बोलून गेलो, थांबलोच नाही.

तिनं सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "लग्नाच्या आधीचं की नंतरचं?"

"आधीचं."

"म्हणजे सगळा संसार त्याच्यावरच झाला."

मी घराचं बोललो. नूबोदर वस्तीतली ही पिवळी घरं आरमाराची. म्हाताऱ्या खलाशाला राहू देतात ती मेहेरबानी. खोटी शपथ घेणाऱ्यावर कोण मेहेरबानी करतो? दोन खोल्या, चूल, मागचं गूजबेरीचं झुडूप, सगळं जाईल.

आबेलोनेनं ताट सरकवलं. "माझी बहीण आहे रॉस्किल्डला. तिच्या माळ्यावर राहू. पण त्या माणसाचं नाव तसंच दप्तरात गेलं ना, तर तुमच्या शेजारी झोपणार नाही मी. आधी त्याच्याकडे जा. मग साहेबांकडे. ऐकू आलं?"

ऐकू आलं. इतकी लाज जहाजावर फटके खाताना वाटली नव्हती.

३१ मार्च

ड्रॅगोरला चालत गेलो. तीन तास. परत फिरावं असं चारदा वाटलं.

ब्लोम दारात बसून जाळं विणत होता. सत्तरी ओलांडलीय. डोळे गेलेत, बोटं चालतात. बिल्ला गेल्यावर किनाऱ्यावरचं शेवाळ गोळा करून विकलं, गाद्या भरायला. ज्या गावात पोरगंसुद्धा वाटाड्या, तिथे सत्तावीस वर्षं शेवाळ! लेकाला बापाच्या नावामुळे कुणी शिकाऊ म्हणून घेतलं नाही. तो गेला अमेरिकेला. पत्र येत नाही.

मी नाव सांगितलं. 

"शिसेवाला," तो म्हणाला. "ये. बस. फार वेळ लावलास रे."

मी सांगितलं. सगळं. रडलो, तेही लिहितो.

"माहीत आहे," म्हणाला. "छपाक झालंच नाही."

"काय?"

"अरे, गोळा पाण्यात पडला की छपाक होतं. तीनदा झालं. चौथ्यांदा नुसता तुझा गळा."

"मग बोलला का नाहीत? चौकशीत तरी!"

विणायची सुई थांबली. "काय बोलू? छपाक ऐकू आलं नाही तर पुन्हा टाकायला लावायचं, हे काम कुणाचं? माझं. कॅप्टन घाई करत होता. माझी बायको बाळंतपणाला टेकली होती. मला सातच ऐकायचे होते, लेका. तू म्हणालास आणि मी घेतले."

मी म्हणालो, साहेबांना सांगणार आहे.

"घर आरमाराचं ना तुझं?"

हो म्हणालो.

"मूर्ख आहेस," म्हणाला. मग बिअर घातलेली पावाची पेज दिली मला. त्याच्या घरची! खाल्ली मी.

५ एप्रिल

'सिग्रून'च्या डोलकाठ्या उतरवल्या. बघायला गेलो नाही.

९ एप्रिल

शुक्रवारी मसुदा दप्तरात जाणार. आबेलोनेनं भांडी गोणपाटात बांधायला घेतलीत. गुणगुणतेय. इतक्या वर्षांत मी तिला इतकी हलकी पाहिली नव्हती. मलाही बरं वाटतंय — ओठांवर शब्द तयार आहेत. साहेब, मी गोळा टाकलाच नाही.

१२ एप्रिल

गेलो. तोंड उघडणार तोच साहेबांनी एक कागद पुढे केला. ड्रॅगोरच्या पाद्रींच्या हातचा, खाली ब्लोमची वाकडी सही. "शिसे टाकण्यात वेळ जातो, राहू दे, आधीचाच आकडा सांग, असे मीच खलाशाला बजावले होते. त्याने फक्त माझा हुकूम मानला."

"म्हातारा मरायच्या आधी खरं बोलला म्हणायचा," साहेब म्हणाले. "बोर्क, असंच झालं होतं ना? तुम्ही हो म्हणालात की तसं लिहितो."

हो म्हणालो.

घरी आबेलोने दारात उभी होती, गोणपाट बांधून. "सांगितलंत?"

तिलाही हो म्हणालो.