अबोल्यातल्या दोन गोळ्या

रात्रपाळी करून आलास म्हणून उठवलं नाही, रागाने नाही. शिलाईच्या दुकानात गिऱ्हाईक ताटकळलंय, निघते.

काल बाबांना कोलेस्टेरॉलची गोळी जेवणानंतर मी दिली, आणि कामावर जाताना तूही दिलीस. त्यांनी दोन्ही निमूट गिळल्या. आज चहा पिताना हळूच सांगितलं. डॉक्टरीणबाईंना लगेच फोन केला. म्हणाल्या, एखाद्या वेळी एक जास्त गेली तर सहसा काही होत नाही. आजची नेहमीच्या वेळी, एकच द्या. मांड्या-पोटऱ्या विनाकारण दुखल्या, फार गळून गेल्यासारखं वाटलं किंवा लघवी गडद झाली, तर मात्र तडक कळवा. आणि कधी राहून गेलीच, तर दुसऱ्या दिवशी दोन देऊन भरपाई करायची नाही. हे खास तुला सांगतेय, साठलेली कामं एका दमात उरकणाऱ्याला.

मी बाबांना विचारलं, "अहो, आधीच घेतली म्हणून सांगायचं नाही का?"

तर म्हणाले, "तुमचा अबोला चाललाय. सुनेच्या हातची घेतली म्हटलं, तर पोराला वाटणार मी तिच्या बाजूचा. त्यापेक्षा गोळी गिळलेली बरी."



गोळ्यांचं पाकीट फ्रिजवर आहे. तुझी पोळीभाजी झाकून ठेवलीय. आजची गोळी तूच दे, पण आधी मला विचार. तोंडाने.

मी उत्तर देईन.