परदादाचा पितळी भोंगा

मी मुजफ्फर शेख, वय तेवीस, मूळ अहेरीचा, सध्या हैदराबादेत उंच इमारतींना बाहेरून रंग मारतो. डोकं ठिकाणावर आहे, दारू पीत नाही, कोणी बळजबरी केलेली नाही. मागं आमच्यातला एक जण वरून पडला. त्याचा भाऊ येईपर्यंत खोलीतल्यांनी त्याचे बूटसुद्धा वाटून घेतले. किळस आली, म्हणून हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहितो.

१) खात्यात असेल ते अम्मीचं. बूट खोलीतल्या मुखरूचे, त्याचे फाटले आहेत.

२) बाबूभाई चाचाला काही नाही. मुक्या सिनेमाच्या काळात आमचा परदादा अहेरीच्या बाजारात, तंबूतल्या पडद्याशेजारी उभा राहून भोंग्यातून गोष्ट सांगायचा. पडद्यावरची अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, मनानंच सांगायचा. चाचानं हे सगळं चंद्रपूरच्या पियुषसरांना मटणाच्या जेवणावर विकलं. सरांनी त्याची विनोदी कादंबरी केली. आता चाचा भोंगाही त्यांना द्यायला निघाला आहे. "घरी पडून काय कामाचा?" म्हणतो. तो माझ्या मातीला आला तर येऊ द्या, जेवायला बसवू नका.

३) मी पाचवी शिकलो. एवढं जाड पुस्तक मला झेपत नाही. लहान बहीण निशात फोनवर वाचून दाखवायची. तिच्या वाचण्यात रीळ तुटलं, पडदा पांढरा पडला, तरी परदादानं गोष्ट तोडली नाही, एक माणूस उठला नाही. मी खोलीत सगळ्यांना छाती फुगवून सांगितलं. मग खोलीतल्याच अंकुशनं ते पुस्तक आणलं अन् तेच पान मोठ्यानं वाचलं. त्यात परदादा मयतीच्या सीनला लग्न लावतो, लोक चपला फेकतात, तो भोंगा डोक्यावर धरून पळतो. खोली लोळून हसली. मी ताटावरून उठलो.

निशातला फोन लावला.

"मले खोटं काऊन वाचून दाखवलं?"

"परदादा तरी कुठी लिहिलेलं वाचत होता, भाई?"

"लोक हसून राह्यले त्याच्यावर."

"मी वाचलं तवा कोणी हसलं का?"

मी फोन ठेवून दिला.

४) म्हणून भोंगा निशातचा. लग्न झालं तर तिच्यासोबत सासरी जाईल. चाचानं हात लावू नये, पियुषसरांनी फोटोही काढू नये.

५) हा कागद माझ्यामागं निशातनंच वाचावा, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. लिहिल्यापेक्षा वेगळं वाचलं तर कोणी टोकू नये. ती जे वाचेल तेच माझं मृत्युपत्र.

साक्षीदार:
अंकुश मेश्राम, कुरखेडा (हसणं थांबल्यावर सही घेतली)
मुखरू उसेंडी, धानोरा (अंगठा)

सही: मुजफ्फर शेख
हैदराबाद, ९ नोव्हेंबर २०२५